उतारा उतरवून घेताना

सिंगापूरचं घड्याळ भारताच्या अडीच तास पुढे. इथे सकाळचे दहा वाजतात तेव्हा गावाकडे साडेसात झालेले असतात आणि तलाठी कार्यालयाला कुलूप असतं. पण आता सातबाऱ्यासाठी ते कुलूप उघडायची वाट पाहावी लागत नाही. शासनाच्या संकेतस्थळावर गट नंबर द्यायचा, १५ रुपये भरायचे आणि बटण दाबायचं. डिजिटल सहीचा उतारा टोआ पायोच्या फ्लॅटमध्ये हजर. या सोयीची सुरुवात १ मे २०१८ रोजी झाली.

‘उतारा’ म्हणजे मूळ नोंदवहीतून उतरवून घेतलेली नक्कल. गाव नमुना सात हा जमिनीच्या हक्काचा, बारा हा पिकांचा. पूर्वी तलाठी ती हाताने उतरवून सही-शिक्का देत. डाउनलोडलाही आपण ‘उतरवून घेणे’च म्हणतो. मात्र बटण दाबल्यावर फाइल उतरावी, ही गोष्ट आपोआप घडलेली नाही.

दूरच्या संगणकावरची फाइल आपल्याकडे आणण्याचे पहिले नियम लिहिले अभय भूषण यांनी. अलाहाबादचे, आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी. १६ एप्रिल १९७१ रोजी अमेरिकेत एमआयटीत असताना त्यांनी ‘फाइल ट्रान्सफर प्रोटोकॉल’चा मसुदा प्रसिद्ध केला. तेव्हा बटण नव्हतं. आज्ञा टाइप करावी लागे.

पुढे वेब आलं आणि एक नवा प्रश्न उभा राहिला: दुव्यावर टिचकी मारली, तर फाइल दाखवायची की जतन करायची? सिंगापूरमध्ये १९९४ साली सिंगनेटमुळे इंटरनेट घरोघरी पोचू लागलं, ते टेलिफोनच्या तारेवरून. २८.८ किलोबिटच्या मोडेमवर एक मेगाबाइट उतरायला पाचेक मिनिटं लागत. इतका वेळ थांबून फाइल नुसती पडद्यावर उघडली आणि खिडकी बंद करताच गेली, तर कपाळाला हात लावायची वेळ.

उत्तर मिळालं ई-मेलकडून. जून १९९५ मध्ये टपालासोबतच्या फाइलींसाठी ‘कंटेंट-डिस्पोझिशन’ नावाची एक ओळ सुचवली गेली. तिच्यात ‘इनलाइन’ लिहिलं तर फाइल तिथेच दाखवायची, ‘अटॅचमेंट’ लिहिलं तर वेगळी ठेवायची. वेबने हीच ओळ उसनी घेतली. तिचे वेबपुरते स्वतंत्र नियम मात्र जून २०११ मध्ये आले. बटण फक्त मागणी करतं. फाइलच्या आधी सर्व्हर ही ओळ पाठवतो, आणि ब्राउझर तिच्यावरून ठरवतो.

त्याच ओळीत फाइलचं नावही असतं, आणि तिथे आपली लिपी अडली. नियम रोमन अक्षरांसाठी होते. ‘सातबारा’ असं नाव दिलं की टक्क्यांच्या खुणा नाहीतर भलतीच अक्षरं दिसत. देवनागरीसारख्या लिप्यांतली नावं कशी पाठवायची, याची रीत २०१० मध्ये ठरली.

त्याच सुमारास एचटीएमएलच्या दुव्यालाच ‘डाउनलोड’ हा शब्द जोडायची सोय झाली. आता सर्व्हरने काही न सांगताही पान म्हणू शकतं, ‘ही फाइल जतन कर.’ ब्राउझर मात्र सहसा स्वतःच्याच साइटवरच्या फाइलींपुरतं हे ऐकतात. परक्या पानाने कुणाचीही फाइल आपल्या संगणकात उतरवू नये, हा त्यामागचा विचार.

फाइल उतरली, पण ती खरी कशावरून? सिंगापूरने २०१९ च्या पदवीधरांपासून ‘ओपनसर्ट्स’ ही डिजिटल प्रमाणपत्रं सुरू केली. ती फाइल संकेतस्थळावर टाकली की अस्सल आहे की फेरफार केलेली, ते कळतं. पुरावा फाइलमध्येच असतो. तिची छापील प्रत हा नुसता कागद. सातबाऱ्यावरही पडताळणी क्रमांक असतो, तो याचसाठी.

पण एक गोष्ट कुठलंच बटण सांगत नाही. फेरफार मंजूर झाला की मूळ नोंद बदलते, आपल्याकडची फाइल बदलत नाही. चार वर्षांपूर्वी उतरवलेला सातबारा अस्सल असू शकतो आणि तरीही त्यावर आजोबांचंच नाव असू शकतं, वारसांचं नसू शकतं. तलाठ्याच्या हातचा उतारा घेताना आपले वडील आधी तारीख पाहत. परदेशात बसून जमिनीचे व्यवहार करणाऱ्या आपण ती सवय मोडू नये. डाउनलोड्सच्या फोल्डरात एकाच गटाचे चार उतारे पडले असतील, तर कुठलाही पुढे पाठवण्याआधी नवा काढावा.