बारामती व इंदापूर तालुक्यांतील स्वयंसेवी दुष्काळनिवारण

पुणे जिल्ह्याच्या आग्नेय भागातील हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. पाऊस अल्प व अनिश्चित असल्याने येथे अवर्षण वारंवार उद्‌भवते. १८७६–७८ च्या दुष्काळानंतर काढलेला नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला. त्याखालील पट्टा बागायती बनला. कालव्याच्या वरची गावे मात्र जिरायतच राहिली.

या गावांत १९६० नंतरच्या दशकात मदतकार्याला निराळे वळण लागले. ‘कासा’ या ख्रिस्ती सेवासंस्थेकडून आलेले धान्य व तेल फुकट न वाटता, श्रमाचा मोबदला म्हणून देऊन पाझर तलाव बांधण्यात आले. बारामतीतील ऑस्ट्रेलियन मिशनरी, तसेच शरद पवार व अप्पासाहेब पवार यांचा त्यात पुढाकार होता. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या कृषी विकास प्रतिष्ठानाने हे कार्य पुढे चालविले. जागा निवडणे, बुडणाऱ्या जमिनीसाठी मालकांची संमती मिळविणे, मातीकाम मोजून धान्य चोख वाटणे ही कामे कार्यकर्त्यांची कसोटी पाहणारी असत.

१९७२–७३ च्या दुष्काळात राज्यातील शासकीय कामांवरील मजुरांची संख्या ५० लाखांच्या जवळपास गेली. पुढे १९७७ च्या रोजगार हमी अधिनियमाने काम हा हक्क ठरविला. पाझर तलावांनाही मर्यादा आहेत : पाऊस न झाल्यास ते कोरडे राहतात आणि त्यांचा लाभ प्रामुख्याने खालच्या बाजूच्या विहीरमालकांना होतो, ज्यांनी माती वाहिली, त्या भूमिहीनांच्या वाट्याला केवळ मजुरी येते. तथापि मदतीतून पाण्याचा टिकाऊ साठा निर्माण करणे, हे या कार्याचे वैशिष्ट्य होय.