प्रवाशाची शिदोरी

घर सोडून दूर जाणाऱ्या माणसाला चार गोष्टींची चिंता नेहमींच लागलेली असते. जवळचा पैसा परमुलखांत चालेल कीं नाहीं, वाट कोण दाखवील, घरची खुशाली कशी कळेल, आणि आपण कोण हें तेथील लोकांना कशावरून पटेल? आगबोटीच्या काळांत ह्या चिंता होत्या. विमानानें एका दिवसांत दुसऱ्या खंडांत उतरणाऱ्या आजच्या प्रवाशालाही त्या सुटलेल्या नाहींत. फरक पडला आहे तो इतकाच कीं, पूर्वीं ह्या गरजा निरनिराळ्या ठिकाणीं भागत. आज त्या चारही खिशांतल्या एका स्मार्टफोनवर, आणि त्या फोनमागें उभ्या असलेल्या एक-दोन प्रचंड कंपन्यांवर येऊन पडल्या आहेत. ही सोय मोठी आहे यांत शंका नाहीं. परंतु सोय कोठें संपते आणि परावलंबन कोठें सुरू होतें, हा प्रश्न आजचा नव्हे. त्याला दीडशें वर्षांचा इतिहास आहे, आणि तो इतिहास आजच्या प्रवाशाच्या उपयोगी पडण्यासारखा आहे.

पैशाच्या प्रश्नाचें एक उत्तर आपल्याकडील व्यापाऱ्यांनीं फार पूर्वींच शोधून काढलें होतें. एका गांवच्या पेढीवर पैसे भरावे, हुंडी लिहून घ्यावी, आणि दूरच्या गांवीं दुसऱ्या पेढीवर ती दाखवून पैसे उचलावे, अशी ती रीत होती. ह्या व्यवहारांत पेढ्या अनेक होत्या; रीतीचा मालक मात्र कोणीच नव्हता. एक पेढी बुडाली तर तिच्यावर विसंबलेले लोक बुडत, पण हुंडीची चाल बुडत नसे.

टपालाच्या बाबतींत असेंच कांहीं जागतिक प्रमाणावर घडलें. पूर्वीं एका देशांतून दुसऱ्या देशांत पत्र धाडावयाचें तर त्या दोन सरकारांमध्यें स्वतंत्र करार लागे, आणि दरांचा गुंता सुटतां सुटत नसे. ९ ऑक्टोबर १८७४ रोजीं स्वित्झर्लंडमधील बर्न येथें बावीस राष्ट्रांनीं मिळून एक करार केला, आणि त्यांतूनच पुढें जागतिक टपाल संघ उभा राहिला. १८७६ सालीं हिंदुस्थान त्यांत सामील झाला. प्रत्येक देशाचें टपालखातें वेगळें, तिकिटें वेगळीं. परंतु नियम एक, आणि पत्र मात्र सर्वत्र पोहोंचतें, ही त्या व्यवस्थेची खुबी होती.

तिचा अर्थ मराठी वाचकांना परिचित असलेल्या एका चरित्रावरून स्पष्ट होतो. आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिल महिन्यांत कलकत्त्याहून आगबोटींत बसल्या आणि जूनमध्यें न्यूयॉर्कला उतरल्या. त्या परक्या खंडांत ज्या कार्पेंटरबाईंनीं त्यांना आपल्या घरीं नेलें, त्यांना आनंदीबाईंनीं तोंवर कधीं पाहिलेंही नव्हतें. ती सारी ओळख पत्रांनीं जोडलेली होती. १८८६ सालीं डॉक्टरीण झालेल्या ह्या धाडसी स्त्रीच्या प्रवासाला आधार होता तो माणसांचा, आणि कोणा एकाच्या मर्जीवर न चालणाऱ्या टपालाचा.

परंतु ह्याच सुमारास प्रवाशाला दुसऱ्या एका प्रकारचा आधार मिळूं लागला होता. टॉमस कुक नांवाच्या इंग्रज गृहस्थानें ५ जुलै १८४१ रोजीं लेस्टरहून लाफबरोपर्यंत आगगाडीची एक सहल काढली. एकतीस वर्षांनंतर, १८७२ सालीं, तो लोकांना पृथ्वीप्रदक्षिणेला नेऊं लागला. १८७४ सालीं त्याच्या पेढीनें परदेशांत वटविण्याजोग्या नोटा काढल्या आणि १८८१ सालीं मुंबईंत कचेरी उघडली. १८९१ सालीं अमेरिकन एक्स्प्रेस कंपनीनें प्रवासी चेक सुरू केले. तिकीट, मुक्काम, पैसा आणि परतीची वाट, सर्व एका दारांत मिळूं लागलें. प्रवाशानें केवळ पेढीवर विश्वास टाकावा, की त्याची चिंता मिटली.

ह्या सोयीचा शेवट कसा होऊं शकतो हें २३ सप्टेंबर २०१९ रोजीं दिसून आलें. त्या दिवशीं इंग्लंडमधील टॉमस कुक कंपनीचें दिवाळें निघालें. भारतांतील त्याच नांवाची कंपनी तोंवर तिच्यापासून वेगळी झालेली होती, त्यामुळें तिला धक्का लागला नाहीं. परंतु मूळ कंपनीचे सुमारें सहा लाख ग्राहक त्या वेळीं घरापासून दूर होते. त्यांपैकीं सुमारें दीड लाख ब्रिटिश प्रवाशांना परत आणण्याची व्यवस्था ब्रिटिश सरकारला करावी लागली. टपाल आणि हुंडी ही रीत होती; कुक ही पेढी होती. रीत अनेकांच्या हातांत असते, म्हणून एकाच्या जाण्यानें ती थांबत नाहीं. पेढीला मात्र एका रात्रींत टाळें लागूं शकतें.

आतां हीच कसोटी स्मार्टफोनला लावून पाहावी. तो उघडून पाहिला तर त्यांत रीतीचा अंश पुष्कळ सांपडतो. एका देशाचा फोन दुसऱ्या देशांत चालतो, ह्याचें मूळ १९८२ सालीं युरोपांतील टपाल व तार खात्यांनीं हातीं घेतलेल्या जीएसएम ह्या सामायिक मानकांत आहे. त्यावरील पहिला संवाद १ जुलै १९९१ रोजीं फिनलंडमध्यें झाला. ई-मेलचा आरंभ १९७१ चा, आणि १९८२ सालीं त्याच्या दळणवळणाचे नियम कोणालाही वापरतां येतील असे खुले प्रसिद्ध झाले.

वाट दाखविणाऱ्या उपग्रहांची कथा तर एका आंतरखंडीय प्रवासाशींच जोडलेली आहे. १ सप्टेंबर १९८३ रोजीं न्यूयॉर्कहून अलास्कामार्गें सेऊलला निघालेलें एक कोरियन प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएट हद्दींत शिरलें आणि तें पाडण्यांत आलें. २६९ माणसें प्राणांस मुकलीं. त्याच महिन्यांत अमेरिकेचे अध्यक्ष रेगन ह्यांनीं, लष्करासाठीं उभारली जात असलेली जीपीएस ही उपग्रहव्यवस्था नागरी उपयोगासाठींही खुली करण्याचें जाहीर केलें. तिच्या नागरी संकेतांत मुद्दाम ठेवलेली चूक २ मे २००० रोजीं काढून टाकण्यांत आली, आणि शंभर मीटरपर्यंतचा फरक वीस मीटरच्या आसपास आला. ती व्यवस्था एका राष्ट्राची. म्हणून रशिया, युरोप व चीन ह्यांनीं आपापल्या व्यवस्था उभारल्या, आणि भारतानेंही १ जुलै २०१३ रोजीं आपल्या ‘नाविक’ योजनेचा पहिला उपग्रह सोडला. उपग्रहांचा संकेत फोन नुसता ऐकतो; त्यासाठीं इंटरनेट लागत नाहीं, पैसा लागत नाहीं, आणि कोणाची परवानगीही लागत नाहीं.

मग पराधीनता शिरली कोठून? ती शिरली ह्या खुल्या पायावर चढविलेल्या मजल्यांतून. २००५ सालीं गूगलचे नकाशे आले, २००७ सालीं ॲपलचा आयफोन आला, २००८ सालीं गूगलची अँड्रॉइड प्रणाली घेऊन पहिला फोन बाजारांत आला. आपण कोठें आहोंत हें उपग्रह सांगतो, पण त्या जागीं रस्ता कोणता हें दूरच्या कंपनीचें यंत्र सांगतें. नवें ॲप हवें तर बहुधा कंपनीच्याच दुकानांत जावें लागतें, आणि दुकानांत शिरण्यास कंपनीकडे खातें लागतें. पत्रव्यवहार, छायाचित्रें, तिकिटें आणि ओळख त्याच एका खात्याच्या किल्लीनें उघडतात.

किल्ली अडली म्हणजे काय होतें, ह्याचीं उदाहरणें थोड्या वर्षांत पुष्कळ घडलीं. १४ डिसेंबर २०२० रोजीं गूगलच्या खात्यांत प्रवेश मिळणें सुमारें पाऊण तास बंद पडलें. ४ ऑक्टोबर २०२१ रोजीं फेसबुक आणि व्हॉट्सॲप सुमारें सहा तास थांबलें. भारतांत त्या वेळीं रात्र होती, आणि परदेशांतील मुलांच्या निरोपाची वाट पाहणाऱ्या घरांत फोन मुके झाले. चीनमध्यें २०१४ च्या डिसेंबरांत जीमेल पूर्णपणें अडविण्यांत आलें, आणि २०१७ सालीं व्हॉट्सॲपचीही तीच गत झाली. दक्षिण कोरियानें २०१६ सालीं आपल्या देशाचा बारीक नकाशा बाहेर नेण्यास गूगलला परवानगी नाकारली. २०१९ सालीं अमेरिकन सरकारच्या निर्बंधांमुळें ह्वावे कंपनीला आपला नवा फोन गूगलच्या सेवांवांचून विकावा लागला. ह्यांपैकीं एकाही प्रसंगांत प्रवाशाची कांहीं चूक नव्हती. भांडण राजांचें आणि पेढ्यांचें होतें, खोळंबा मात्र वाटसरूचा झाला.

ह्या ओघाला उलट दिशेनें वाहणारा एक प्रवाहही त्याच काळांत सुरू झाला. ब्रिटनमध्यें सरकारी नकाशे लोकांच्या कामीं सहजासहजीं येत नसत. तेव्हां २००४ सालीं स्टीव्ह कोस्ट ह्या तरुणानें, लोकांनींच मिळून जगाचा नकाशा काढावा आणि तो सर्वांसाठीं खुला असावा, असा उपक्रम लंडनमध्यें सुरू केला. त्याचें नांव ओपनस्ट्रीटमॅप. १२ जानेवारी २०१० रोजीं हैती देशांत भूकंप झाला, तेव्हां देशोदेशींच्या स्वयंसेवकांनीं हवाई छायाचित्रांवरून पोर्ट-ओ-प्रिन्स शहराचे रस्ते थोड्याच दिवसांत ह्या नकाशावर उमटविले, आणि मदतपथकें त्यांवरून वाट काढूं लागलीं. हाच नकाशा फोनमध्यें साठवून इंटरनेटवांचून वापरतां येईल अशीं ऑसमअँड, ऑर्गॅनिक मॅप्स यांसारखीं साधनें पुढें झालीं. २०१० सालींच एफ-ड्रॉइड हें मुक्त ॲपांचें भांडार निघालें. त्यासाठीं खातें लागत नाहीं. राज्यसंस्थाही स्वस्थ बसल्या नाहींत. अँड्रॉइडच्या जोरावर स्पर्धा दडपल्याबद्दल युरोपीय आयोगानें २०१८ सालीं गूगलला ४३४ कोटी युरोंचा दंड केला. पुढें न्यायालयानें तो थोडा कमी केला. भारताच्या स्पर्धा आयोगानेंही २०२२ सालीं सुमारें १,३३७ कोटी रुपयांचा दंड ठोठावला.

तथापि दंडानें प्रवाशाची वाट उजळत नाहीं. ती त्याची त्यालाच उजळून घ्यावी लागते. त्यासाठीं फोन समुद्रांत फेंकण्याची आवश्यकता नाहीं. निघण्यापूर्वीं आठ दिवस आधीं, ज्या शहरीं जावयाचें त्याचा नकाशा फोनमध्यें उतरवून घ्यावा आणि इंटरनेट बंद करून तो आपल्याच गल्लींत चालवून पाहावा. तिकीट, मुक्कामाचा पत्ता आणि विमापत्र ह्यांची छापील प्रत पिशवींत असावी. घरचे दोन-चार दूरध्वनि क्रमांक कागदावर लिहिलेले असावेत. बँकेचे सांकेतिक आंकडे जुन्या सिमवर येतात. परदेशीं पोहोंचतांच तें सिम काढून टाकणारा माणूस आपल्याच पैशाला मुकतो, हें ध्यानांत ठेवावें. ई-मेलचा पत्ता आपल्याच मालकीच्या नांवावर घेतला तर टपाल हांकणारी कंपनी बदलली तरी पत्ता बदलत नाहीं. बर्नच्या कराराचें तत्त्व असें एका माणसाच्या कामीं येतें.

ह्या स्वावलंबनाला मोल पडतें, हेंही कबूल केलें पाहिजे. लोकांनीं काढलेल्या नकाशांत एखाद्या लहान गांवच्या गल्ल्या अपुऱ्या असतात, आणि वाहनांच्या गर्दीची वार्ता त्यांत बहुधा मिळत नाहीं. कित्येक बँकांचीं साधनें त्या दोन कंपन्यांच्या फोनबाहेर चालतच नाहींत. आणि सत्तरी उलटलेल्या आईला व्हॉट्सॲप सोडून दुसरें कांहीं शिकविणें म्हणजे तिच्या संध्याकाळच्या बोलण्यांतच विघ्न आणणें होय. तेथें हट्ट धरूं नये. दुसरी एक वाट तयार ठेवावी, इतकेंच पुरे. मग ती साध्या दूरध्वनीची कां असेना.

पेढीशीं व्यवहार करावा, पण परतीची वाट सर्वस्वीं तिच्या स्वाधीन करूं नये, हा ह्या दीडशें वर्षांचा इत्यर्थ आहे. जुन्या काळचा वाटसरू धर्मशाळेंत उतरे, बाजारांत जेवी, आणि तरीही पडशींत चार भाकरी बांधून घेई. त्या भाकरींनीं त्याचा सारा प्रवास होत नसे. पण धर्मशाळेचें दार बंद आढळलें, तर ती रात्र त्यांवर निभावत असे. आजची शिदोरी नकाशाची, पत्त्याची आणि कागदाच्या चिटोऱ्याची आहे. ती विमानतळावर मिळत नाहीं. घरूनच बांधून घ्यावी लागते.