शीग, काठ आणि पासंग

निवडणुकीचा प्रचार शिगेला पोहोचतो, प्रेक्षकांची उत्सुकता शिगेला पोहोचते, हे वृत्तपत्रांतून आपण नित्य वाचतो. ही शीग कशाची, असे पदवीच्या वर्गात विचारले तर बहुधा ‘शिखराची’ असे उत्तर येते. अर्थ जवळचा आहे, पण वस्तू हरवली आहे. धान्याचे माप काठापर्यंत भरल्यावर त्यावर जो निमुळता ढीग उभा राहतो, ती शीग. काठापर्यंत भरलेले माप काठोकाठ आणि वर ढीग चढवलेले शिगोशीग. आज हे दोन शब्द आपण जवळजवळ समानार्थी म्हणून वापरतो. ते मापाला बांधलेले होते तेव्हा त्यांच्यामधले अंतर कोणाच्या तरी घरची भाकरी होती.

सोने गुंज, मासा, तोळा अशा वजनांनी तोलले जाई. खळ्यावरचे धान्य मात्र मुख्यतः मापानेच मोजत. चिपटे, मापटे, शेर, अधोली, पायली अशी ही चढती श्रेणी. चार शेरांची पायली. मापाची धारकता तीच ठेवून तोंड रुंद केले की शीग मोठी होते. धान्य उंचावरून ओतले किंवा माप हलवले की दाणे दबून जास्त मावतात. धान्य कर्जाऊ देताना काठोकाठ द्यायचे आणि परत घेताना शिगोशीग घ्यायचे, एवढे केले की दर न वाढवताही व्याज वाढे. फसवणूक आकड्यात दिसत नसे, कारण पायली दोन्ही वेळा पायलीच असे.

गावोगावच्या मापांत फरक होताच. पण मोठ्या व्यापारातही एकवाक्यता नव्हती. एकोणिसाव्या शतकात मुंबईचा मण २८ पौंडांचा, मद्रासचा २५ पौंडांचा, तर बंगालचा ८२ पौंडांहून थोडा अधिक होता. शब्द एक, वजने तीन.

म्हणूनच माप ठरवणे हे राज्यकर्त्याचे काम मानले गेले. कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत शिवकालीन जमीन मोजणीची काठी पाच हात पाच मुठींची सांगितली आहे. हात चौदा तसूंचा, काठी ब्याऐंशी तसूंची. वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद तो बिघा, आणि एकशेवीस बिघ्यांचा चावर. हात कोणाचा, हा वाद तसूंच्या संख्येने मिटवण्याचा तो प्रयत्न होता. ‘तसूभरही मागे हटणार नाही’ असे आपण म्हणतो, तेव्हा याच हिशेबातले एक लहान एकक आपल्या तोंडी असते. पुढे इंग्रजी मोजणीत तेहतीस फुटांची साखळी आली. तेहतीस फूट लांब व तेहतीस फूट रुंद तो गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. आज सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर असले, तरी बोलण्यात एकर-गुंठेच चालतात.

१९५६ साली वजनमापांचा कायदा झाला आणि १९५८ पासून मेट्रिक पद्धत टप्प्याटप्प्याने लागू झाली. शेर जाऊन किलो आला, याची हळहळ आपल्या ललित लेखनात पुष्कळ आढळते. ती तपासून पाहायला हवी. खरा तराजू आणि शिक्का मारलेले वजन यांच्यापुढे शिगेला जागा उरत नाही. ज्याच्या हाती माप नव्हते, त्याच्या दृष्टीने ही हानी नव्हे. लबाडी त्याने संपली नाही, पण ती लबाडी आहे असे बोट ठेवून दाखवता येऊ लागले.

हानी झाली ती वाचनाची. तराजूची दोन पारडी समतोल नसली, तर हलक्या बाजूला जे थोडे वजन बांधतात ते पासंग. ‘त्याच्या पासंगालाही पुरणार नाही’ यातला तुच्छतेचा नेमका अंश पासंग ठाऊक असणाऱ्यालाच कळतो : वजन म्हणून तर सोडाच, तराजू सारखा करण्यापुरताही हा उपयोगाचा नाही! ग्रामीण कथेत खळ्यावरचे माप भरताना कोणी शिगेवरून हात फिरवला, तर त्या एका कृतीत सारा व्यवहार सांगून होतो. टीपेत ‘पायली : धान्याचे एक जुने माप’ एवढेच लिहून आपण पुढे जातो, तेव्हा विद्यार्थ्याच्या पदरात माप काठोकाठही पडत नाही.