मोंबासाची महाम्री

शंकरपाळ्यांचा शेवटचा घाणा उतरला आणि कढईत अजून बरेच तेल होते. तापलेले तेल तसेच थंड होऊ देणे आमच्या घरी उधळेपणाचे लक्षण समजतात. ही संधी साधून, आदल्या रात्री मी भिजवून ठेवलेला मैद्याचा गोळा पुढे केला. तो फुगून पातेल्याच्या काठाशी आला होता. "हे काय आणि?" असा प्रश्न झाला. मी म्हटले, "महाम्री." आई दचकलीच. ऐन धनत्रयोदशीला घरात महामारीचे नाव! तिची समजूत घालता घालता मला जे सांगावे लागले, तेच जरा सविस्तर येथे मांडतो.

आफ्रिका म्हणजे एक गाव नव्हे, हे आपण फार लवकर विसरतो. तेथे तळलेल्या गोड वड्याची नावेही मुलखागणिक वेगळी. नायजेरियात पफ-पफ, घानात बोफ्रोट, दक्षिण आफ्रिकेत फेटकूक. मी म्हणतो ती महाम्री पूर्व किनाऱ्याची. लामू, मोंबासा, झांझिबार या बंदरांतली, जिथे स्वाहिली भाषा जन्मली आणि वाढली. आकार त्रिकोणी, रंग खरपूस बदामी. पुरीसारखी टम्म फुगून आतून पोकळ होते, पण पापुद्र्याला पावाचा लुसलुशीतपणा. नारळाचे दूध आणि वेलदोडा हा तिचा जीव. तिलाच मांडाझी असेही म्हणतात. पण किनाऱ्यावरच्या जुन्या बायका या दोन नावांत भेद करतात. खमीर घालून नारळाच्या दुधात भिजवलेली ती महाम्री, आणि साधी, झटपट केलेली ती मांडाझी.

ही दोन्ही नावे उलगडून पाहण्यासारखी आहेत. स्वाहिलीत 'आंडाआ' हे क्रियापद रांधण्या-वाढण्याच्या तयारीचे. त्यातून मांडाझी निघाली. म्हणजे हिचे नाव एवढेच सांगते की कुणीतरी पहाटे उठून आपल्यासाठी काही केले आहे. महाम्रीतला 'हमीरा' मात्र आपल्या ओळखीचा निघतो. स्वाहिलीत हमीरा म्हणजे खमीर. दोन्ही शब्द एकाच अरबी शब्दाची लेकरे. एक फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला, दुसरा गलबतातून मोंबाशाला उतरला.

नारळ खवण्याचे तिथले साधन तर पाहताक्षणी ओळखीचे वाटावे. बसायला बुटके पाट, त्याला पुढे दात्यांचे लोखंडी पाते. बाई त्यावर बसते आणि नारळाची वाटी पात्यावर फिरवते. आपल्या खवणीच्या विळीची सख्खी बहीणच. तिचे नाव 'म्बुझी', म्हणजे बकरी! पुढे मान काढून उभ्या असलेल्या त्या पाटाला ज्या कोणी प्रथम बकरी म्हटले, ती बाई कवी असली पाहिजे. खवलेला चव वेताच्या किंवा पानांच्या विणलेल्या गाळणीत पिळून दाट दूध काढायचे. त्या दुधाला म्हणतात 'तुई'.

आता सामग्रीकडे पाहा. मैदा, साखर, तेल, नारळ, वेलदोडा. यातला नारळ तेवढा त्या किनाऱ्यावर डोलतो. गहू तिथल्या दमट हवेत पिकत नाही. वेलदोडा मूळचा आपल्या सह्याद्रीच्या दक्षिण टोकाचा. मग हे सारे एका परातीत कसे आले? उत्तर वाऱ्यात आहे. स्वाहिली माणूस वर्षाचे दोन भाग करतो: कास्काझी आणि कुसी. कास्काझी हा ईशान्येचा वारा. डिसेंबरपासून पुढे तो गुजरात, कोकण, अरबस्तान इथली गलबते आफ्रिकेकडे ढकलतो. एप्रिलच्या सुमारास वारा फिरतो, कुसी सुरू होते, आणि तीच गलबते परतीला लागतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक खलाशाने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या ग्रंथात, भडोच आणि आसपासच्या मुलखातून आजच्या सोमालियाच्या उत्तर किनाऱ्यावर जाणाऱ्या मालाची यादी आहे. त्या यादीत गहू आहे, तांदूळ आहे, तूप आहे, तिळाचे तेल आहे, कापड आहे, आणि 'वेतापासून निघणारा मध', म्हणजे आपली साखर, हीसुद्धा आहे. मोंबासाच्या बऱ्याच उत्तरेकडचा हा किनारा; पण तळणीचे निम्मे सामान दोन हजार वर्षांपूर्वी समुद्र ओलांडत होते एवढे खरे.

म्हणून लगेच 'महाम्री आमचीच' अशी आरोळी ठोकायला मन सरसावते. आपल्या लोकांना ही खोड आहे. जगात काही चांगले दिसले की त्याचे मूळ आपल्या परसात शोधायचे. १३३१ साली इब्न बतूता मोंबाशाला एक रात्र राहिला. त्याने लिहून ठेवले आहे की इथले लोक मुख्यत्वे केळी आणि मासळी खातात आणि धान्य बाहेरून येते. तळलेल्या कशाचाही उल्लेख त्याने केलेला नाही. समुद्रातून सामान येते. पण ते एकत्र कसे कालवायचे, नारळाच्या दुधात मैदा भिजवायचा की पाण्यात, हे तिथल्या चुलीपुढे बसलेल्या बाईने ठरवले. श्रेय तिचे. वेलदोडा आपला म्हणून महाम्री आपली होत नाही. तसे असते तर आपली मिरची-कोथिंबिरीची चटणी मेक्सिकोची म्हणावी लागेल.

पण त्या चुलीपुढची बाई कोण होती? इथे इतिहास जरा कडू होतो, आणि फराळाच्या ताटाशी बसून सांगताना जीभ अडखळते. तरी सांगितले पाहिजे. एकोणिसाव्या शतकात ओमानच्या सुलतानाने आपली राजधानी झांझिबारला हलवली. लवंगांच्या बागा लागल्या. त्या बागांत राबणारी आणि श्रीमंतांच्या घरांत नारळ खवणारी, कांडणारी, मळणारी माणसे पुष्कळशी गुलाम होती. आफ्रिकेच्या अंतर्भागातून साखळ्यांनी बांधून आणलेली. आणि या व्यापारात आपले हात स्वच्छ नव्हते. झांझिबारच्या जकातीचा मक्ता अनेक वर्षे जयराम शिवजी या कच्छी भाटिया पेढीकडे होता. बंदरात उतरलेल्या प्रत्येक गुलामावर जकात पडे. तांडे घेऊन आत जाणाऱ्या व्यापाऱ्यांना भांडवल पुष्कळदा हिंदी सावकारांचेच असे. वेलदोड्याबरोबर आपण हेही पाठवले होते.

हा धंदा मोडण्याचा तह करण्यासाठी इंग्रज सरकारने झांझिबारला पाठवले ते सर बार्टल फ्रिअर यांना. मुंबईचे हे माजी गव्हर्नर. त्यांच्या हाताने तह झाला नाही. ते परतल्यावर जॉन कर्क यांनी १८७३ च्या जूनमध्ये सुलतानाची सही मिळवली आणि झांझिबारचा गुलामांचा बाजार बंद झाला. या प्रकरणाचे एक टोक आपल्या नाशकात आहे. इंग्रज आरमाराने समुद्रात पकडलेल्या गलबतांतून सुटलेली आफ्रिकी मुले मुंबईला उतरवली जात. त्यांतली काही नाशिकजवळच्या शरणपूरला, ख्रिस्ती मिशनच्या आश्रमात वाढली. तिथे ती सुतारकाम, लोहारकाम शिकली. त्यांतलाच जेकब वेनराइट हा डेव्हिड लिव्हिंग्स्टनचे शव आफ्रिकेतून किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत होता, आणि १८७४ साली लंडनला त्याच्या अंत्यविधीलाही हजर होता. नाशकात शरणपूर रस्त्यावरून रोज शेकडो माणसे जातात. या मुलांची आठवण किती जणांना असेल?

पुढे १८७४-७५ मध्ये नाशिक मिशनचे विल्यम प्राइस मोंबाशाला गेले. बेटासमोर, खाडीपलीकडे, मुक्त झालेल्या गुलामांसाठी त्यांनी वसाहत बसवली. फ्रिअर यांच्या नावावरून तिचे नाव फ्रिअरटाऊन. नाशकात वाढलेले पुष्कळ आफ्रिकी स्त्रीपुरुष तिथे राहायला गेले. गुलाम पकडणारे आले तर इशारा द्यायला तिथे एक घंटा टांगली होती. घंटेला स्वाहिलीत 'केंगेले' म्हणतात, आणि त्या भागाला आजही केंगेलेनी म्हणतात, म्हणजे 'घंटेपाशी'.

गुलामगिरीची कायदेशीर मान्यता झांझिबारमध्ये १८९७ साली आणि केनियाच्या किनाऱ्यावर १९०७ साली गेली. सुटलेल्या बायकांच्या हाती जमीन नव्हती, भांडवल नव्हते; हात होते आणि हातांना ठाऊक असलेली कृती होती. शिजवलेले, तळलेले अन्न दारात बसून विकणे हा त्यांच्यातल्या अनेकींच्या पोटाचा आधार झाला. जे धन्याच्या घरी फुकट मळावे लागत होते, त्याचेच आता पैसे मिळू लागले. महाम्रीच्या सबंध कहाणीतले मला आवडणारे पान हे.

तिकडे १८९६ ते १९०१ या काळात मोंबासाहून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वे बांधली गेली. बांधणाऱ्यांत तीस हजारांवर मजूर हिंदुस्थानातून, मुख्यतः पंजाबातून, नेलेले. त्यांतले सुमारे अडीच हजार तिथेच मेले. रुळांबरोबर चहा-साखर आत गेली आणि मांडाझीही गेली. डोंगराळ मुलखात माड नाही. तेव्हा नारळाचे दूध सुटले, पाणी किंवा गाईचे दूध आले. खमिराऐवजी सोड्याची पूड आली. गहू मात्र त्या थंड पठारावर पिकू लागला होता. आता नैरोबीत, कंपालात कोपऱ्याकोपऱ्यावर शाळकरी पोर आणि हमाल सकाळी चहाबरोबर मांडाझी खातात. किनाऱ्यावरचे लोक तिला नाके मुरडतात, हे अर्थात आलेच. पुणेरी माणूस बाहेरच्या मिसळीला मुरडतो तशी.

मोंबाशाची खरी न्याहारी म्हणजे महाम्री आणि 'म्बाझी'. म्बाझी म्हणजे आपली तूर! अख्खी तूर शिजवून नारळाच्या दुधात कांदा, हिरवी मिरची, हळद घालून आटवलेली. तूर मूळची आपल्या देशातली, फार प्राचीन काळी तिकडे गेलेली. आणि काळाची गंमत अशी, की २०१६ साली हिंदुस्थान सरकारने मोझांबिकशी करार केला तो तिथून डाळ, विशेषतः तूर, आणण्यासाठी. आपल्या वरणात आज आफ्रिकेची तूर असू शकते.

करून पाहायची असेल त्यांच्यासाठी प्रमाण सांगतो. अर्धा किलो मैदा, अर्धी वाटी साखर, चमचाभर यीस्ट, चमचाभर ताजी वेलदोड्याची पूड, चिमूटभर मीठ. एका मोठ्या नारळाचे पहिले दाट दूध, सुमारे दीड वाटी. एकदम ओतू नये, लागेल तसे घालावे. दूध कोमट असावे. पहिल्या वेळी मी ते चांगलेच कढत घातले, यीस्ट मेले, आणि घरात दोन दिवस माझ्या संशोधनाचा विषय निघाला नाही. पीठ पंधरा मिनिटे रगडून मळावे आणि रात्रभर झाकून ठेवावे. सकाळी सहा गोळे करून पाव इंच जाडीचे लाटावे, प्रत्येकाचे उभे-आडवे चार तुकडे करावे आणि ते कापडाखाली अर्धा तास पुन्हा फुगू द्यावे. हा अर्धा तास कुणी वाचवू नये. तेल मध्यम तापलेले; फार कडक असले तर वरून करपते, आतून कच्चे राहते. तुकडा सोडला की झाऱ्याने त्यावर तेल उडवत राहायचे. पुरीला करतो तसेच.

पहिली महाम्री फुगली तेव्हा आई जवळ येऊन उभी राहिली. शंकरपाळ्यांचे डबे बाजूला सारले गेले. चोवीस झाल्या होत्या. म्बाझी वाढायला मी वाटी शोधेपर्यंत अठरा उरल्या. आईने एक हातात धरून उलटसुलट पाहिली आणि पुढच्या वर्षी वेलदोडा थोडा कमी घाल म्हणाली.