सासरलाच माहेर म्हणणारा शब्द

गिटचा नवा रेपो सर्व्हरवर पहिल्यांदा चढवताना आपण लिहितो, ‘गिट रिमोट ॲड ओरिजिन’. ओरिजिन म्हणजे उगम. पण हा रेपो तर आपल्याच मशीनवर जन्मला! लेकीची सासरी पाठवणी करताना त्या घरालाच माहेर म्हणावे, तसे हे झाले.

लिनस टोरवाल्ड्सने एप्रिल २००५ मध्ये गिट लिहिले ते लिनक्स कर्नलसाठी. तिथले काम बहुधा दुसऱ्याचा रेपो क्लोन करूनच सुरू होई. क्लोन केले की पलीकडच्या मुख्य ब्रँचची नक्कल आपल्याकडे ‘ओरिजिन’ नावाच्या ब्रँचमध्ये पडे. नाव चपखल होते. कोड खरोखर तिथूनच आलेला असे. फेब्रुवारी २००७ च्या १.५.० आवृत्तीने ही नक्कल रिमोटच्या वेगळ्या कप्प्यात हलवली आणि सोबत ‘गिट रिमोट’ ही कमांड दिली. माझ्या मते शब्द उलटला तो इथे. दूरच्या जागेला हाताने नाव देणे सोपे झाले आणि लोकांनी ओळखीचे नावच नव्या घराला लावून टाकले.

काही जण याचे मूळ नदीत शोधतात: वर ‘अपस्ट्रीम’, त्याच्याही वर उगम. कल्पना मोहक आहे. पण पुशला अपस्ट्रीम ठरवणारा ‘-यू’ हा पर्याय जोडला गेला तो फेब्रुवारी २०१० मध्ये, १.७.० आवृत्तीत. लिनक्सच्या वितरकांच्या बोलण्यात अपस्ट्रीम त्याआधीपासून होता, हे खरे. मग क्लोनने तोच शब्द का उचलला नाही? कर्नलवाले ज्या बिटकीपर प्रणालीतून गिटकडे वळले, तिथे क्लोनच्या मूळ रेपोला ‘पेरेंट’ म्हणत. ओरिजिन त्याच्याच भावकीतला. हे नाते जन्माचे आहे, प्रवाहाचे नव्हे. मर्क्युरिअल या गिटसारख्याच प्रणालीने मात्र ‘डिफॉल्ट’ म्हणून नात्याचा प्रश्नच टाळला.

रेपो चढवण्याची वाट पुढे सोपी होत गेली. पूर्वी एसएसएचने सर्व्हरवर शिरून आधी रिकामा ‘बेअर’ रेपो मांडावा लागे. आज गिटलॅबवर नसलेल्या पत्त्यावर पुश केले तरी प्रोजेक्ट तयार होतो. जून २०२२ च्या २.३७ पासून ‘पुश.ऑटोसेटअपरिमोट’ चालू केले की नव्या ब्रँचसाठी ‘-यू’ही लिहावा लागत नाही. ओरिजिन मात्र जागचा हलला नाही.

तो राखीव शब्द नाही. रिमोटला कोणतेही नाव चालते. स्वतः जन्माला घातलेला पुढचा रेपो चढवाल, तेव्हा त्या जागेला ‘सर्व्हर’ म्हणा, ‘घर’ म्हणा. उगम तुमच्याच मशीनवर आहे.