‘अपघात’ म्हणून मोकळे होऊ नका : चाळीसगाव, १९२९

आमचे चाळीसगाव टीव्हीवर कधी दिसते? तितूर-डोंगरीला पूर आला की, कन्नड घाटात दरड कोसळली की, नाहीतर कुठे ‘राडा’ झाला की. ३१ ऑगस्ट २०२१ ला पूर आणि दरड एकदमच आले, तेव्हा दिवसभर गाव पडद्यावर होते. संकट दाखवलेच पाहिजे, त्याबद्दल तक्रार नाही. राग येतो तो जयंती आणि महापरिनिर्वाण दिनाच्या बातम्यांमधल्या एका ठरलेल्या वाक्याचा : ‘चाळीसगावात टांग्याला अपघात होऊन बाबासाहेब जखमी झाले होते.’

वाक्य खोटे नाही. पण त्यातून जात गाळून टाकली आहे.

काय घडले ते पाहू. अस्पृश्य व आदिवासींच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने १९२८ साली स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब तिचे सदस्य होते. खानदेशातल्या एका गावात सवर्णांनी अस्पृश्यांवर बहिष्कार टाकला होता. त्याची चौकशी करून परतताना, २३ ऑक्टोबर १९२९ रोजी ते चाळीसगावला उतरले. स्टेशनवर टांगे पुष्कळ होते. तरी तासभर हलायची चिन्हे नव्हती. कारण अस्पृश्याला घेऊन टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार नव्हता.

महारवाडा सुमारे दोन मैलांवर होता, पायी जाता आले असते. पण आपल्या पाहुण्याने पायी यावे हे समाजाला मानवेना. शेवटी तोड निघाली : टांगा भाड्याने मिळेल, हाकायचा तुम्ही. ज्याने लगाम धरला त्याने आधी कधी टांगा हाकला नव्हता. नदीवरच्या पुलाला कठडे नव्हते, नुसते अंतराअंतरावर दगड होते. चाक दगडांत अडकले, घोडा आणि टांगा नदीत गेले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले. पाय मोडला. ही हकीकत त्यांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहून ठेवली आहे.

त्यातला त्यांचा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. टांगेवाला गरीब, हलके काम करणारा. समोर विलायतेतून आलेला बॅरिस्टर. तरीही जातीच्या जोरावर तो स्वतःला वरचढ समजू शकतो. ‘शिकलात की जात जाते’ म्हणणाऱ्यांना चाळीसगावने ९० वर्षांपूर्वीच उत्तर दिले आहे.

म्हणजे चाक दगडात अडकले ही शेवटची कडी. पहिली कडी स्टेशनबाहेरचा नकार. बातमी शेवटच्या कडीपासून सुरू केली की दोष घोड्याचा, पुलाचा, नाहीतर लगाम धरणाऱ्या आपल्याच माणसाचा ठरतो. आणि नकार देणारे सुटतात!

हीच रीत आजही चालू आहे. अत्याचाराची बातमी ‘जुन्या वादातून मारहाण’ किंवा ‘दोन गटांत हाणामारी’ होऊन येते. मारणारा आणि मार खाणारा एका ओळीत बसवले जातात. ॲट्रॉसिटीचा गुन्हा दाखल असला तरी जातीचा शब्द मथळ्यात येत नाही.

मित्रांनो, कॅमेरा गावात येईल तेव्हा फक्त पुतळ्याला हार घालतानाचे दृश्य देऊन परतू नका. त्यांच्यापुढे पूर्ण वाक्य ठेवा : ‘टांगेवाल्यांनी जातीमुळे नकार दिला, म्हणून बाबासाहेब जखमी झाले.’ ते छापणार नसतील तर आपण लिहू, आपल्या पोरांना तसेच शिकवू.

जय भीम!