वारणेचा तह

रणांत शत्रूला जिंकण्याहून घरांतील तंटा मिटविणें अवघड असतें. शत्रूशीं लढून झाल्यावर पाठ फिरवितां येते. भाऊबंदांशीं मात्र लढून झाल्यावरहि नांदावेंच लागतें. या दृष्टीनें सातारा व कोल्हापूर या छत्रपतींच्या दोन गाद्यांमधील १७३१ चा वारणेचा तह पुन्हा पाहण्याजोगा आहे, असें आम्हांस वाटतें.

तंटा जुना होता. १७०७ सालीं शाहूमहाराज मोंगलांच्या कैदेंतून सुटून आले, तेव्हां ताराबाईंनीं त्यांचा हक्क नाकारला. त्याच वर्षीं खेडास मराठे मराठ्यांशीं लढले. १७१४ सालीं ताराबाई पुत्रासह कैदेंत पडल्या व त्यांच्या सवतीचे, राजसबाईंचे, पुत्र संभाजी कोल्हापूरच्या गादीवर आले. त्यांनीं पुढें निजामाशीं संधान बांधलें. पालखेडास १७२८ सालीं निजाम नमला, तरी भावांचें वैर शमलें नाहीं. अखेर १७३० सालीं वारणेकांठीं संभाजींचा पराभव झाला आणि ताराबाई व राजसबाई दोघीहि सातारकरांच्या हातीं लागल्या.

आतां शाहूंना हवें तें मागतां आलें असतें. त्यांनीं राजसबाईंस सन्मानानें परत पाठविलें, १७३१ च्या आरंभीं कऱ्हाडनजीक भावाची भेट घेतली, आणि मगच एप्रिलांत कलमें ठरलीं. वारणेच्या दक्षिणेचा मुलूख संभाजींना मिळाला. एकाचा शत्रु तो दोघांचा शत्रु ठरला. एकाचे चाकर दुसऱ्यानें ठेवूं नयेत असेंहि ठरलें. हें शेवटलें कलम आम्हांस फार मार्मिक वाटतें. चंद्रसेन जाधवांसारखे सरदार एकीकडे रुसून दुसरीकडे जात, आणि त्यांच्या रुसव्यावरच भाऊबंदकी पोसली जाई.

या तहानें राज्य कायमचें दुभंगलें, हा आक्षेप खोटा नाहीं. परंतु दुभंग आधींच झाला होता. तहानें त्यास सीमा घातली. शाहूंच्या हयातींत दोन्ही गाद्यांत पुन्हा युद्ध झालें नाहीं.

उणीव होती ती निराळीच. ताराबाई आपखुषीनें साताऱ्यास राहिल्या; त्यांस मान मिळाला, पण तहांत त्यांचा वांटा कांहींच नव्हता. शाहूंच्या मृत्यूनंतर, १७५० सालीं, याच ताराबाईंनीं रामराजास साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केलें. समेटाबाहेर राहिलेलें दुःख वयानें थकत नाहीं, हेंच खरें.